जांभळ्या पठारावरचं तेल

प्रोव्हान्सचा लॅव्हेंडर म्हणून कॅलेंडरवर किंवा साबणाच्या खोक्यावर आपण जे चित्र पाहतो, ते बहुतेक वेळा व्हालाँसोलच्या पठाराचं असतं. क्षितिजापर्यंत गेलेल्या जाडजूड जांभळ्या ओळी आणि मध्येच एखादं दगडी घर. पर्यटकांच्या बसही तिथेच थांबतात. पण त्या ओळींमध्ये बहुतांशी उभा असतो तो लाव्हाँदँ, म्हणजे खरा लॅव्हेंडर आणि खालच्या उष्ण उतारांवर वाढणारा आस्पिक यांचा संकर. ज्या तेलाच्या हकीकतीने अरोमाथेरपीचा इतिहास सुरू होतो, ते देणारं झुडूप बुटकं, विरळ आणि दिसायला साधं असतं. त्याला उंची लागते, रात्रीची थंडी लागते आणि पाणी न धरणारी चुनखडीची जमीन लागते. म्हणून आम्ही व्हालाँसोल नंतरसाठी ठेवलं आणि आधी सो नावाचं डोंगरातलं गाव गाठायचं ठरवलं.

निघालो मात्र लियोंहून. माझी भाची तिथे शिकते आणि गाडी तीच चालवणार होती. शिवाय या गोष्टीचा पहिला धागाही लियोंलाच सापडतो. रेशीम आणि रसायनं यांवर वाढलेलं हे शहर. १८८० मध्ये लुई गातफोसे यांनी इथे सुगंधी द्रव्यांची पेढी काढली. त्यांचा मुलगा रने-मोरीस १८८१ मध्ये जन्मला, रसायनशास्त्र शिकला आणि घरच्याच प्रयोगशाळेत काम करू लागला. ती कंपनी आजही लियोंजवळ आहे आणि औषधनिर्मितीला लागणारे पूरक घटक बनवते.

जुलै १९१० मध्ये या प्रयोगशाळेत स्फोट झाला. अरोमाथेरपीच्या पुस्तिकांमध्ये पुढची हकीकत एका ठरलेल्या रूपात येते. गातफोसेंचा हात भाजला, त्यांनी तो घाईघाईत शेजारच्या भांड्यात बुडवला, भांड्यात योगायोगाने लॅव्हेंडरचं तेल होतं आणि हात व्रणही न राहता बरा झाला, अशी. त्यांनी स्वतः १९३७ च्या आपल्या ‘अरोमातेरापी’ या पुस्तकात लिहून ठेवलं आहे ते वेगळं आहे. पेटते द्रव अंगावर उडाले, ते त्यांनी हिरवळीवर लोळून विझवले. पुढे दोन्ही हातांच्या जखमांत गॅस गँगरीन झपाट्याने पसरू लागलं. तेव्हा त्यांनी लॅव्हेंडरच्या तेलाने हात धुतले. मांसात वायू धरणं थांबलं, भरपूर घाम आला आणि दुसऱ्या दिवसापासून जखमा भरू लागल्या.

यात योगायोग कुठेच नाही. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून अठरा वर्षं होती. पण पाश्चर यांचे सहकारी शार्ल शाँबेरलाँ यांनी १८८७ मध्येच वनस्पतींच्या तेलांचा अँथ्रॅक्सच्या जिवाणूंवर होणारा परिणाम तपासून प्रसिद्ध केला होता, आणि डोंगरातली माणसं कापल्या-भाजल्यावर लॅव्हेंडर लावत होतीच. हे ठाऊक असलेल्या रसायनतज्ज्ञाने संकटात विचार करून निवडलेला तो उपाय होता, असं मी मानते. म्हणूनच भांड्यात हात बुडवल्याच्या दंतकथेपेक्षा मला ही खरी हकीकत कितीतरी मोलाची वाटते. अर्थात एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. पण गातफोसे तिथे थांबले नाहीत. पुढची अनेक वर्षं त्यांनी डॉक्टरांकडून रुग्णांच्या नोंदी मिळवल्या, तेलांचे घटक वेगळे केले आणि कोणत्या घटकाने काय होतं याचा शोध घेतला. वासाने मन प्रसन्न होतं एवढ्यावर त्यांना समाधान नव्हतं. तेल हे औषधासारखं काम करतं का, हा त्यांचा प्रश्न होता.

र्‍होन नदीच्या काठाकाठाने दक्षिणेकडे जाणारा हमरस्ता सोडून डोंगरात शिरलो की आधी न्यों लागतं. ते ऑलिव्हचं गाव. मग ब्युई-ले-बारोनी, तिथे लिंडनच्या फुलोऱ्याचा बाजार भरतो. तो फुलोरा वाळवून त्याचा काढा फ्रान्सभर झोपेसाठी पितात. त्यापुढे रस्ता अरुंद होत जातो, माँ व्हाँतूचा उघडाबोडका पांढरा माथा कधी समोर तर कधी बाजूला दिसत राहतो, आणि एका वळणानंतर दगडी कड्यावर बसलेलं सो दिसतं. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांच्या वर. कड्याच्या कठड्याशी उभं राहून खाली पाहिलं की खोऱ्यात जांभळ्या आणि पिवळ्या चौकोनांची आळीपाळीने मांडणी दिसते. पिवळे चौकोन जुन्या जातीच्या तुसाच्या गव्हाचे. आपल्या खपलीच्या नात्यातलाच तो. लॅव्हेंडरची झुडपं साधारण दहा वर्षांत थकतात. मग ती उपटून तिथे काही वर्षं हा गहू घेतात आणि जमिनीला विसावा देतात.

शेतात उतरलो तेव्हा वासाच्या आधी आवाज आला. प्रत्येक झुडपावर मधमाश्या होत्या आणि सगळं शेत एका सुरात गुणगुणत होतं. वास दाट नव्हता. फुलाचं बोंड बोटांत चुरडलं तेव्हाच तो मोकळा झाला: हलका, थोडा फळासारखा, स्वच्छ. लाव्हाँदँचा वास याहून तिखट असतो, कारण त्यात कापूर जास्त असतो. उंचावरच्या लॅव्हेंडरमध्ये लिनालिल अ‍ॅसिटेट आणि लिनालूल ही दोन द्रव्यं प्रमुख. मन शांत होण्याचा गुण मुख्यतः या दोघांना देतात.

एकेकाळी इथे लॅव्हेंडरची शेतं नव्हती. लॅव्हेंडर रानात, मेंढ्यांच्या कुरणांत आपोआप उगवायचा. गावंच्या गावं शहराकडे निघाली, पडीक जमिनी वाढल्या आणि त्यांवर हे झुडूप पसरलं. बायका-मुलं पाठीला गोणपाट बांधून विळ्याने फुलं कापायची. तांब्याची भट्टी गाडीवर घालून डोंगरात ओढ्याकाठी न्यायची आणि तिथेच तेल काढायचं. ग्रास या गावातल्या अत्तरवाल्यांची मागणी वाढली तशी लागवड सुरू झाली. गातफोसेही या डोंगरांत हिंडले आणि रानातली तोड सोडून शेतकऱ्यांनी नीट लागवड करावी, चांगलं तेल काढावं म्हणून झटले. प्रयोगशाळेतला माणूस शेताच्या बांधापर्यंत आला, हे मला त्यांच्या पुस्तकाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

सोच्या बाहेरच एका शेतकरी कुटुंबाची भट्टी आहे. रचना अगदी सरळ. पोलादी पिंपात फुलं दाबून भरतात, खालून वाफ सोडतात. वाफ फुलांतून वर जाताना तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी फोडते आणि तेल सोबत घेऊन निघते. ती थंड पाण्यात बुडवलेल्या वेटोळ्या नळीतून गेली की पुन्हा पाणी होते आणि दोन्ही एका उंच भांड्यात पडतात. तेल हलकं, म्हणून वर तरंगतं. खाली राहतं ते सुवासिक पाणी, आपल्या गुलाबपाण्यासारखं. भट्टीवरच्या बाई तेलाच्या भांड्याला हातातलं फडकं लावून पुन्हा पुन्हा पुसत होत्या. भाचीने विचारलं, एवढ्या फुलांतून किती निघतं? त्यांनी सांगितलेला हिशेब तिने मला मराठीत ऐकवला, “मावशी, एक लिटरला शंभर किलोंच्या वर फुलं लागतात. लाव्हाँदँची मात्र चाळीस किलो पुरतात.”

खालची पठारं लाव्हाँदँने का व्यापली, हे या दोन आकड्यांतच कळतं. संकर असल्यामुळे त्याला बी धरत नाही. फांद्या लावून तो वाढवतात, त्यामुळे सगळी झुडपं एकसारखी होतात आणि यंत्राने कापायला सोपी जातात. साबण, धुण्याची पावडर, फरशी पुसायचं द्रावण यांतला ‘लॅव्हेंडर’ बहुधा हाच. डोंगरातला लॅव्हेंडर बियांपासून वाढवतात, प्रत्येक झुडूप थोडं वेगळं: कुठे निळसर, कुठे फिकट. अशा लॅव्हेंडरच्या तेलाला १९८१ पासून उगमस्थानाचं कायदेशीर संरक्षण आहे, आणि त्यासाठी शेत ८०० मीटरांच्या वर असावं लागतं.

या शेतकऱ्यांचं दुखणंही तिथेच दिसलं. काही ओळींमध्ये झुडपं राखाडी होऊन मेलेली होती. एक लहान उडता तुडतुडा फायटोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म जीव पसरवतो आणि झुडपाच्या रसवाहिन्या बुजतात. कोरडे उन्हाळे वाढले तसा हा रोगही वाढला. जोडीला बल्गेरियाची स्पर्धा. आज लॅव्हेंडरच्या तेलात तो देश फ्रान्सच्या पुढे आहे. युरोपीय संघाच्या रसायन-नियमांमुळे आपल्या तेलावर धोक्याची चिन्हं छापावी लागतील, या भीतीने इथल्या शेतकऱ्यांनी मध्यंतरी आवाज उठवला होता. त्यांची कळकळ मला समजते. तरीही त्या नियमामागचा प्रश्न खोटा नाही, आणि त्याकडे मी पुढे येतेच.

संध्याकाळी सोच्या चौकात बसलो असताना भाचीने विचारलं, “हे तेल काढायला पहिल्यांदा शिकवलं कोणी?” या प्रश्नाचं उत्तर अरोमाथेरपीच्या जाहिराती फार सहज देतात: इजिप्तमध्ये पाच हजार वर्षांपूर्वीपासून. इजिप्तचे लोक सुगंधी तेलं वापरत हे खरंच आहे, पण ती भट्टीची नव्हती. राळ, फुलं, मुळ्या तेलात किंवा चरबीत मुरवून ती केलेली असत. वाफेने तेल वेगळं काढण्याची कला अरब आणि इराणी हकिमांच्या, किमयागारांच्या हातून घडली. गुलाबपाण्याच्या ऊर्ध्वपातनाचं श्रेय इब्न सीनाला देण्याची प्रथा आहे, पण त्यामागे अनेकांचे कष्ट आहेत. युरोपात स्ट्रासबुर्गच्या हिरोनिमस ब्रुनश्विग यांनी १५०० मध्ये या कलेवर छापलेलं पुस्तक काढलं आणि औषधविक्यांच्या घराघरांत भट्ट्या पेटल्या.

आपल्याकडची परंपरा मुख्यतः मुरवण्याची, वाटण्याची आणि धुपाची. आणि तिचा मोठा ऐवज एका मराठी माणसाने उजेडात आणला, हे मला तिथे भाचीला अभिमानाने सांगता आलं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांना एका हस्तलिखितात गंगाधराचा ‘गंधसार’ आणि ‘गंधवाद’ हे सुगंधशास्त्रावरचे दोन संस्कृत ग्रंथ सापडले. त्यांतल्या ‘गंधवादा’ला जुनी मराठी टीका जोडलेली होती. म्हणजे सुगंधी द्रव्यांची कृती मराठीत समजावून घेणारा वाचक शेकडो वर्षांपूर्वीही होता. गोड्यांनी भारतीय सुगंधी द्रव्यांच्या इतिहासावर लेखांमागून लेख लिहिले. ते आज फारसे कोणी वाचत नाही, ही मला खरोखर हळहळ वाटायला लावणारी गोष्ट आहे.

व्हालाँसोल नंतर पाहिलं. सुंदर आहे, गर्दीचं आहे, आणि फोटोत दिसतं तसंच आहे. तिथून ग्रासकडे वळलो.

ग्रास डोंगराच्या कुशीत, समुद्राकडे तोंड करून बसलेलं. मूळचं चांभारकामाचं गाव. कमावलेल्या कातड्याला दुर्गंधी येई, म्हणून सोळाव्या शतकात हातमोज्यांना सुगंध द्यायची पद्धत सुरू झाली. पुढे कातड्यावरचे कर वाढले, धंदा बुडाला, पण सुगंध राहिला. इथलं आंतरराष्ट्रीय अत्तर संग्रहालय १९८९ मध्ये उघडलं आणि ग्रास परिसराच्या अत्तरविद्येची युनेस्कोने २०१८ मध्ये अमूर्त वारसा म्हणून नोंद केली. तिथे काचेच्या तावदानांच्या लाकडी चौकटी पाहायला मिळतात. काचेवर चरबीचा थर देऊन त्यावर रोज ताजी जाईची किंवा निशिगंधाची फुलं पसरायची, दुसऱ्या दिवशी उचलून नवी ठेवायची. चरबी वासाने तृप्त झाली की मद्यार्काने तो वास तिच्यातून काढून घ्यायचा. जाईचं फूल भट्टीची वाफ सोसत नाही, म्हणून ही खटपट. पुढे द्रावकांनी हे काम सोपं केलं. एक किलो भरायला सुमारे आठ हजार फुलं लागतात आणि ती पहाटे हातानेच खुडावी लागतात. मजुरी परवडेना तेव्हा शेती दुसऱ्या देशांत गेली. आज तमिळनाडूचा मोगरा आणि जाई जगभरच्या अत्तरांत जाते.

अत्तरांच्या इतिहासात खानदेशालाही जागा आहे. रोशा गवत सातपुड्याच्या उतारांवर आणि नंदुरबारच्या बाजूला मुबलक असे, आणि त्याच्या भट्ट्या तिथल्या ओढ्यांच्या काठी लागत. ते तेल मुंबईहून तांबड्या समुद्राच्या बंदरांत आणि तिथून कॉन्स्टँटिनोपलला जाई. रोशाच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर, आणि गुलाबाच्या तेलातलाही तो एक मुख्य घटक. त्यामुळे बल्गेरियातल्या महागड्या गुलाबतेलात ते मिसळत. युरोपच्या बाजारात त्याला ‘तुर्की जिरॅनियम तेल’ म्हणत आणि ते मुळात कुठल्या डोंगरातून येतं हे घेणाऱ्यांना बराच काळ ठाऊक नसे. भेसळीसाठी का होईना, गेलं ते. आज ‘पामारोझा’ या नावाने तेच तेल अरोमाथेरपीच्या दुकानात छोट्या बाटलीत मानाने विकलं जातं.

ग्रासच्या एका औषधाच्या दुकानात मी अशी बाटली हातात घेतली, तेव्हा फार्मासिस्ट बाईंनी आधी चौकशी केली. कोणासाठी? वय किती? दमा, फिट्स, गरोदरपण? फ्रान्समध्ये ही चौकशी नेहमीची आहे. अफसंतीन, थुजा, हिसॉप अशी काही तेलं तर कायद्याने फक्त फार्मासिस्टच विकू शकतो. यामागे गातफोसेंनंतरची पिढी आहे. लष्करी डॉक्टर झाँ व्हालने यांनी इंडोचायनाच्या युद्धात जखमींवर तेलं वापरली आणि १९६४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. तेव्हापासून फ्रान्समध्ये डॉक्टरने मात्रा लिहून द्यायची रीत पडली. इंग्लंडमध्ये वळण वेगळं लागलं. ऑस्ट्रियात जन्मलेल्या मार्गरीत मोरी यांनी तेलं विरळ करून मालिशसाठी वापरायला शिकवली. रॉबर्ट टिसरँड यांच्या १९७७ च्या पुस्तकाने ती पद्धत इंग्रजी जगात पसरली, आणि आपल्याकडच्या स्पामध्ये आली ती हीच.

मग खरोखर गुण येतो का? काही ठिकाणी, हो. वासाचा संदेश मेंदूतल्या भावना आणि स्मृतींच्या केंद्रांपर्यंत फार थोड्या टप्प्यांत पोचतो, म्हणून वासाने मन पालटतं. लॅव्हेंडरच्या तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल जर्मनीत बेचैनीवरचं औषध म्हणून मिळते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७७ रुग्णांच्या चाचणीत तिचा गुण लोराझेपाम या शामक औषधाच्या कमी मात्रेइतका दिसला. पेपरमिंट तेलाच्या आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूलने पोटातली कळ कमी होते. ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये टी ट्रीच्या ५ टक्के जेलने मुरमं उशिरा पण कमी झाली. या सगळ्यांत तेल शुद्ध होतं, मात्रा ठरलेली होती. कॅन्सर बरा होतो, मधुमेह जातो असं सांगून तेल विकणाऱ्यांकडे मात्र असला कोणताही आधार नाही, आणि आजारी माणसाच्या आशेवर केलेला तो धंदा मला अक्षम्य वाटतो.

शंभर किलो फुलांचं बळ एका लिटरात आलेलं असतं, तेव्हा ते इजाही तितकीच करू शकतं. युरोपीय नियमामागचा प्रश्न तो हाच. लॅव्हेंडरची बाटली उघडी राहिली, जुनी झाली की लिनालूलचा हवेशी संयोग होऊन त्वचेला चट्टे उठवणारी द्रव्यं तयार होतात. बर्गामॉटचं तेल लावून उन्हात गेलं तर कातडी भाजते. आणि आपल्या घरातला धोका तर अगदी उशाशी असतो: कापूर आणि निलगिरी. सर्दी झालेल्या बाळाच्या झबल्याला कापराची पुरचुंडी बांधणं, नाकाखाली निलगिरी लावणं आपल्याकडे सर्रास चालतं. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला थोड्या वेळात फिट येऊ शकते. निलगिरी आणि कापराच्या बामांमुळे मोठ्यांनाही फिट्स आल्याच्या नोंदी दक्षिण भारतातल्या मज्जाविकारतज्ज्ञांनी केल्या आहेत. ओवा-बाळंतशेपांची धुरी देणाऱ्या आपल्या आज्या चिमूटभरच घालत. बाटलीतल्या तेलाला मात्र तो अंदाज लागू पडत नाही.

तेव्हा वापरायचं असेल तर मोजून वापरा. अंगाला लावायचं तर ३० मिलिलिटर तिळाच्या किंवा खोबरेल तेलात १२ थेंब, त्याहून जास्त नको. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक थेंबही पोटात घेऊ नका. गरोदर बाई, लहान मूल, दमेकरी किंवा फिट्सचा त्रास असलेलं माणूस घरात असेल तर आधी विचारा. बाटली गडद काचेची, झाकण घट्ट, आणि मुलांच्या हाताला न लागेल अशी. विकत घेताना लेबल वाचा: लॅव्हेंडर असेल तर ‘लॅव्हेंड्युला अँगस्टिफोलिया’ हे पूर्ण शास्त्रीय नाव, झाडाचा कोणता भाग, कोणता देश, कधी काढलं. हे चार तपशील नसलेली बाटली कितीही स्वस्त किंवा कितीही महाग असली, तरी घेऊ नका.